हेअर ट्रान्सप्लांटनंतर चार दिवसांची रजा पुरेल का? (परभणी, बँकेच्या काउंटरवरील काम)

चार दिवस पुरणार नाहीत. एफयूई पद्धतीने (डोक्यामागून एकेक केसमूळ काढून रोवणे) करणार असाल तर सलग १० दिवसांची रजा टाका. तीन-चार दिवसांत खुर्चीवर बसण्याइतकी ताकद असते, परंतु कपाळावरची सूज साधारण दुसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान खाली सरकत पापण्यांपर्यंत येऊ शकते आणि रोवलेल्या प्रत्येक मुळाभोवती धरलेली तांबूस खपली गळायला सात ते दहा दिवस लागतात, त्यामुळे पासबुक घेऊन समोर उभ्या राहिलेल्या खातेदाराची नजर आधी तिथेच जाईल. तोवर मुळेही पक्की झालेली नसल्याने हेल्मेट चालत नाही, म्हणजे दुचाकीवरून शाखेत जाण्याचा प्रश्न आलाच. एप्रिल-मे मात्र टाळाच, कारण आपल्याकडे पारा ४० अंशांच्या वर असतो आणि थेट ऊन व घाम यांपासून निदान दोन आठवडे जपावे लागते. दिवाळीनंतरची थंडी त्यासाठी सोयीची. एफयूटी पद्धत (डोक्यामागची त्वचेची पट्टी कापून त्यातली मुळे रोवणे) निवडल्यास डोक्यामागचे टाके साधारण १० ते १४ दिवसांनी काढतात, तेव्हा रजा दोन आठवड्यांची धरावी. पुढे काही आठवड्यांत रोवलेले केस गळू लागतात. ते अपेक्षितच असल्याने त्यासाठी रजा राखून ठेवू नये.