टेस्टिंगची नोकरी घेऊ की एआयचा कोर्स करू?

प्रश्न: मी भौतिकशास्त्रात एमएस्सी करते आहे. शस्त्रक्रियेत वापरतात त्या फ्लुरोसन्स कॅमेऱ्यांच्या प्रतिमांचा दर्जा तपासण्याचं काम एका कंपनीत मिळतंय. घरचे म्हणतात, टेस्टिंगमध्ये अडकून पडशील, त्यापेक्षा एआयचा कोर्स कर. काय करू?

उत्तर: घरच्यांची धास्ती अगदीच निराधार नाही. काही ठिकाणी टेस्टिंग म्हणजे छापील तक्त्यात टिकमार्क करत बसणंच असतं. पण तुला मिळतंय ते काम नीट केलं तर मोजमापाचं शास्त्र आहे, आणि माझा कौल त्याच बाजूने आहे.

इंडोसायनिन ग्रीन हा रंग शिरेतून दिला जातो. त्यावर ७८० ते ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश टाकला, की तो ८३०च्या जवळपास चमकतो. डोळ्यांना ही चमक दिसत नाही, म्हणून कॅमेरा. आतड्याच्या टोकाला रक्त पोचतंय का, हे सर्जन पडद्यावर बघून ठरवतात. तिथे काळोख दिसला तर रक्त पोचत नाहीये की कॅमेराच कमी पडतोय? रुग्ण टेबलावर येण्याआधी याचा छडा लावून ठेवायचा, ही तुझी जबाबदारी.

हे वाटतं तितकं सरळ नाही. रंगाची तीव्रता वाढवत नेलेल्या कुप्या ओळीने मांडून फोटो काढ. उजेड आधी वाढत जातो आणि एका टप्प्यानंतर चक्क घटतो, कारण दाटीत रेणू एकमेकांची चमक मारतात. त्यात कॅमेऱ्याचा गेन, म्हणजे आलेला संकेत किती पटीने वाढवायचा ते प्रमाण, आपोआप बदलत असेल, तर दोन फोटोंची तुलनाच होऊ शकत नाही. हा रंग पाण्यात टिकतही नाही, त्यामुळे गेल्या आठवड्यातली कुपी आज भरवशाची नसते. म्हणून रेझिनमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड आणि प्रकाश शोषणारा रंग मिसळून, ऊतीसारखे वागणारे घन फँटम, म्हणजे चाचणीसाठीचे नकली नमुने, बनवतात. त्यातला चमकणारा रंग न घातलेला ठोकळाही चमकताना दिसला, तर फिल्टरमधून प्रकाश गळतोय किंवा खोलीतल्या दिव्यांचा उजेड आत येतोय. अशी चोरी पकडण्यात जिला मजा येते, तिने हे काम सोडू नये.

एआय शिकायला माझी ना नाही. मात्र चित्रं कोणत्या गेनवर, किती अंतरावरून घेतली याचा पत्ता नसेल, तर त्यांवर शिकवलेल्या मॉडेलवर विश्वास कसा ठेवणार? पायथन आणि संख्याशास्त्र या नोकरीतही लागेलच; ते संध्याकाळी शीक.

कागदपत्रं मात्र भरपूर असतील. प्रत्येक चाचणीचा अहवाल, तोही दुसऱ्याला तसाच पुन्हा करता येईल असा लिहावा लागतो. याचा कंटाळा असेल तर आत्ताच विचार कर.

मुलाखतीआधी अमेरिकन असोसिएशन ऑफ फिजिसिस्ट्स इन मेडिसिनच्या ३११ क्रमांकाच्या कार्यगटाचा अहवाल चाळ. तो अशाच यंत्रणांच्या तपासणीबद्दल आहे. मग विचार: कॅमेऱ्याचा कच्चा डेटा मला मिळेल का? चाचण्या आखण्यात माझा हात असेल का? पास-नापासची मर्यादा कोण ठरवतं, आणि कशावरून? उत्तरं गुळमुळीत आली, तर घरच्यांचं ऐक आणि दुसरीकडे अर्ज कर.