वादात तो जिंकतो, म्हणून माझं खोटं?

"मॅडम, माझं बरोबर असतं, पण बोलायला लागलं की मीच खोटी ठरते." समुपदेशन करताना हे मी बायकांकडून ऐकते, धाकट्या भावांकडून ऐकते, ऑफिसातल्या ज्युनिअर मंडळींकडून तर हमखास. मागोमाग मागणीही तीच: "मला उत्तरं द्यायला शिकवा." म्हणून ही एक गोष्ट, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून.

चाळिशीतली शिक्षिका. नवऱ्याने कॉलेजात वादविवाद स्पर्धा गाजवलेल्या. करंडक अजून शोकेसमध्ये. तिथे चिठ्ठी उचलून बाजू मिळायची आणि मिळेल ती जिंकून दाखवायची. खेळ म्हणून उत्तमच. घरात विषय होता सासूबाईंच्या डायलिसिसचा. आठवड्याला तीन फेऱ्या, प्रत्येक वेळी चारेक तास, आणि शाळा सांभाळून सगळं हिच्याकडे.

शेवटचं भांडण मी तिला जसंच्या तसं लिहून आणायला सांगितलं.

"या फेऱ्या मला एकटीला झेपत नाहीत."

"एकटीला? दिवाळीत मी नेलं नव्हतं?"

"एकदा! माझं कंबरडं मोडलंय रे."

"मोडलंय? मग उभी कशी आहेस?"

"तुला कळतंय मला काय म्हणायचंय."

"कळतंय ना. माझी आई तुला जड झालीये."

पुढचं अख्खं पान तिने, सासूबाई आपल्याला नकोशा नाहीत, हे पटवून देण्यात घालवलं होतं. शेवटी तिचा आवाज चढला. "तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही," म्हणून तो उठला. फेऱ्या तिच्याकडेच राहिल्या.

यात नवं काही नाही. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात, गौतम ऋषीने याला छल म्हटलंय आणि त्याचे तीन प्रकार सांगितलेत. लाक्षणिक बोलणं शब्दशः धरायचं, हा त्यातला एक. कंबरड्याचं तेच झालं. शोपेनहॉवर या जर्मन तत्त्वज्ञाने तर खऱ्याखोट्याची पर्वा न करता वाद जिंकण्याच्या 38 युक्त्या लिहून ठेवल्या. समोरच्याचं विधान ताणून मोठं करा, ही पहिली. त्याला चिडवा, ही आठवी. हे ऐकून ती खुलली. "म्हणजे मी बावळट नाही!" आणि लगेच, "मग यावर तोड काय?"

तोड मी दिली नाही. दिली असती तर घरात दोन वादपटू झाले असते. मी विचारलं, "त्याला पटलं नाही, तर तुमची कंबर दुखायची थांबते का?"

ती हसली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण त्याला पटल्याशिवाय मी मागू कसं?"

अशा जागी गप्प बसणं ही माझी कमाई आहे, आणि ती सहज आलेली नाही. तिचं सगळं दुखणं या एका प्रश्नात होतं. मदत मागण्याआधी कारण शाबीत व्हायलाच हवं, आणि ते झालं की नाही हे त्यानेच ठरवायचं! युक्त्या त्याच्या होत्या, पण न्यायाधीशाची खुर्ची तिने दिलेली होती. मी अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या वळणाची. माणसाच्या त्रासामागे अशी स्वतःवर लादलेली सक्ती आधी शोधते.

पुढच्या खेपेला तिने कारण दिलंच नाही. "या महिन्यापासून शनिवार तुझा." त्याने आईचा विषय काढला. ती म्हणाली, "त्यावर रात्री बोलू. शनिवारी तू नेणार, की दुसरी काही सोय करतोस?"

स्वतःची बाजू न मांडता दुसऱ्याची नुसती खोडत राहणं, याला गौतम वितंडा म्हणतो. अशा माणसाला त्याची बाजू विचारावी. हा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "दिवाळीत आत डोकावलो होतो. त्या सुया मला बघवत नाहीत."

आता शनिवारी तो आईला नेतो आणि बाहेर बसतो. शब्दांत पकडायची खोड गेलेली नाही.

तुमच्याकडेही हेच चालू असेल तर मागणं आधी एका वाक्यात कागदावर उतरवा. विषय बदलला की खुलासा न देता त्या वाक्यावर परत या. आवाज चढू लागला तर उठा, पण पुन्हा कधी बोलायचं ते सांगून. समोरचा प्रत्येक जण असा मोकळा होईलच असं नाही. आणि घरात शब्दांच्या खेळाऐवजी अपमान, धमक्या, पैशांची अडवणूक सुरू झाली असेल, तर वरचं काही लागू करत बसू नका. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक आणि मानसिक छळही येतो. महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आहे, तिथे फोन करा.