मुंबई हार्बरला लेझर (एकट्याने चालवायची छोटी शिडाची बोट) रेस करतोयस? आधी पाणी वाच

अरे, स्पीडसाठी नवीन शीड घ्यायचं म्हणतोयस, पण तो खर्च आत्ता नको, आधी बोट सपाट ठेव, मनापासून हाइक कर (वाऱ्याकडच्या काठावरून अंग बाहेर झोकून बोट तोल), बोट कलली की सुकाणू ओढत बसावं लागतं आणि तिथेच स्पीड जातो. अपविंडला, म्हणजे वाऱ्याच्या दिशेने वर जाताना, वाऱ्याकडची टेलटेल (शिडावरचा छोटा धागा) फडफडली तर थोडा बेअर अवे कर, म्हणजे वाऱ्यापासून दूर वळ, पलीकडची फडफडली तर थोडा वर ये, म्हणजे वाऱ्याकडे वळ.

पण हार्बरला खरी रेस करंटवर, म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहावर ठरते, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला तर फारच. करंट विरुद्ध असेल तर उथळ बाजू धर, तिथे ओढ कमी असते, सोबत असेल तर खोल पाण्यात राहा, आणि अँकर टाकलेल्या जहाजांची तोंडं कुठे आहेत, बोयामागे पाणी कसं कापलं जातंय हे स्टार्टआधी बघच, त्यावरून करंट कळतो. हेडर (वारा बोटीच्या तोंडाकडे सरकणं) टिकला तरच टॅक कर, म्हणजे नाक वाऱ्यातून फिरवून दुसऱ्या बाजूला वळ, उगाच प्रत्येक झुळकीला नको.