राखी असती तर सुटली असती

ताई, तुमची पोस्ट दुपारी वाचली आणि शेवटच्या ओळीवर अडकलो. प्रश्न सरळ आहे. बडोद्यात वाघोडिया रोडच्या शाळेत २४ डिसेंबरला चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी जादूचा खेळ, मग उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या सणाला, सोसायटीच्या गच्चीवर दुसरा, बजेट आठ हजार, कोणते आयटम घ्यावेत. आणि शेवटी सहज लिहिलंय की परदेशातला एक ख्रिसमस सेट आवडलाय, विकणारा दहा दिवसांत पोचेल म्हणतो, कस्टम्सची कटकट नको म्हणून पार्सलवर 'गिफ्ट' लिहून देतो, मागवू का?

नका मागवू. बाकीचं उत्तर लांब आहे.

आधी एवढं सांगून ठेवतो की मी पोटासाठी जादू करणारा माणूस नाही. बँकेत होतो, निवृत्त झालो. एकोणीस वर्षं शनिवार-रविवारी बडोद्यात आणि आसपास मुलांचे खेळ करतोय. कस्टम्सचा जाणकार तर मुळीच नाही, नियम बदलत असतात, तुमचे तुम्ही तपासून घ्या. आणि आयटमच्या आतली गोष्ट इथे चारचौघांत लिहिणार नाही, ज्याला कळायची त्याला कळेल.

२०२२ मध्ये मला अगदी हेच सुचलं होतं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सेट मागवला, ११,४०० रुपयांचा. त्यात पिसांचं उघडणारं ख्रिसमस ट्री, सांताच्या मोज्याच्या आकाराची चेंज बॅग (एक वस्तू घातली की दुसरीच निघते ती पिशवी), लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे रेशमी रुमाल आणि पाणी घातलं की फुगणारी बर्फाची पावडर. विकणाऱ्याने विचारलं, गिफ्ट लिहू? मी म्हटलं, लिहा. तीस वर्षं दुसऱ्यांच्या फॉर्मवरची खाडाखोड पकडत बसलेला माणूस मी, आणि स्वतःच्या पार्सलवर खोटं लिहायला सांगून मोकळा झालो.

मला ठाऊक नव्हतं ते असं की २०१९ च्या डिसेंबरपासून गिफ्ट म्हणून ड्यूटी न भरता माल आणायची सोय बंद झाली आहे. अपवाद दोनच, राखी आणि जीवरक्षक औषधं. भरीस भर म्हणजे त्या भल्या माणसाने मालाच्या यादीत प्रामाणिकपणे लिहिलं होतं, 'मॅजिक पावडर, पांढरी, २०० ग्रॅम'. विमानतळावर बसलेल्या माणसाने हे वाचून काय करावं अशी आपली अपेक्षा आहे?

पार्सल अडकलं मुंबईत, आणि मी खेटे घातले इथल्या कुरिअरच्या ऑफिसात. नाव घेत नाही. शहराबाहेर, स्कूटरवरून पाऊण तास. काउंटरच्या काचेला खाली अर्धगोल भोक होतं. बोलायचं तर वाकावं लागे, आणि वाकलं की समोरच्याचा चेहरा दिसत नसे, फक्त त्याचा डबा आणि स्टॅपलर दिसे. पहिल्या खेपेला आधार आणि पॅन मागितलं. ते मी आधीच दोनदा अपलोड केलं होतं, तरी झेरॉक्स दिल्या. दुसऱ्या खेपेला, ही पावडर कशाची आहे, तिची सेफ्टी शीट आणा. विकणाऱ्याच्या मागे लागून ती मिळवली. तिसऱ्या खेपेला, शीट लेटरहेडवर नाही, साहेब, काले आवजो, म्हणजे उद्या या. चौथ्या खेपेला बिल मागितलं. मी दिलं. तो म्हणाला, गिफ्ट आहे तर बिल कसलं, आणि बिल आहे तर गिफ्ट कसं? बाकी सगळा छळ, पण हा प्रश्न त्याचा बिनतोड होता. मी आजही निरुत्तर आहे.

मला राग याचा नाही की नियम होता. राग याचा की चारही कागद पहिल्याच दिवशी एकदम मागता आले असते. गोदामभाडं दिवसावर चढत होतं आणि हे लोक मला एकेक कागद सुटा मागत होते, जणू भिशीचा हप्ता. शेवटी ड्यूटी, दंड, भाडं मिळून आणखी ६,३०० गेले. पार्सल घरी आलं ६ जानेवारीला. पावडर त्यात नव्हतीच. ती कुठे गेली हे विचारायला पाचव्यांदा वाकलो नाही.

आता, २४ तारखेचा खेळ तर कबूल केलेला होता. आदल्या दिवशी दांडिया बाजारातून निघालो आणि गेंडीगेटला गेलो. तिथे पतंगांची दुकानं मांडलेली होती. पांढऱ्या पतंगाचा कागद घेतला, घरी बसून बारीक कातरला. गणपतीत वापरतो तीच केशरी चेंज बॅग काढली, मंगळ बाजारातून लाल वेलवेट आणि पांढऱ्या फरची पट्टी आणून बायकोने तिला खोळ शिवून दिली. खेळात कागद पाण्याच्या पेल्यात बुडवला, मुठीत पिळला, पंख्याने वारा घातला आणि सगळ्या पोरांच्या डोक्यावर बर्फ. हा फार जुना आयटम आहे, तुम्हाला माहीत असणारच.

पोरं किंचाळत होती. तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एकाने गुडघ्यावर पडलेला कपटा उचलला, उजेडात धरला आणि हॉलभर ओरडला, "आ तो पतंगनो कागळ छे!" माझ्या पोटात गोळा. तोंडातून निघून गेलं, "अरे, सांता बडोद्याला येतोय, पतंग घेतल्याशिवाय येईल का?" शाळा इंग्रजी माध्यमाची, मुलं निम्मी गुजराती, निम्मी आपली. असे हसले की पुढची दोन मिनिटं मला काही करावंच लागलं नाही. त्या पोराला तेवढ्यासाठी एक चॉकलेट जास्त दिलं.

तेव्हापासून माझं ठाम मत झालंय, आणि यावर इथले काही जण भांडतील, की सणाचा प्रॉप विकत घ्यायचा नसतो. आयटम साधा घ्यायचा, बारमाही, आणि सण त्याच्या अंगावर चढवायचा. कपड्याने, रंगाने, बोलण्याने. ख्रिसमस ट्री वर्षातून एकदा माळ्यावरून खाली येतं, चेंज बॅग तीसदा. तुमच्या आठ हजारांत आपल्याकडे बनणारी एक चांगली चेंज बॅग (मूठ सैल नको, दुकानात उभं राहून वीसदा फिरवून बघा), मोठ्या आकाराचं रंगांचं पुस्तक (पानं उलटली की कोरी चित्रं रंगीत होतात ते), अठरा इंची रुमालांचा एक संच, मिल्क पिचर (ज्यातलं दूध ओतलं की नाहीसं होतं तो जग) आणि 'वॉटर ऑफ इंडिया'चा लोटा येईल, वर उरतील. लोट्याला कमी लेखू नका. जादूगार पी. सी. सरकार तोच लोटा खेळभर दर थोड्या वेळाने उपडा करायचे आणि दर वेळी पाणी निघायचं. मुलांना ही पुन्हा पुन्हा येणारी गंमत फार कळते, तिसऱ्या वेळेपासून तीच ओरडून आठवण करून देतात.

यातलं प्रत्येक वर्षभर चालतं. पुस्तक डिसेंबरमध्ये सांताचं, होळीत मुलांनी आपल्या कपड्यांवरचे रंग हवेतून त्याच्यावर फेकायचे. मिल्क पिचर कोजागरीला काढा, मसाला दूध म्हणून. एका सोसायटीत आजीबाई खरंच विचारायला आल्या होत्या की बदाम कुठे गेले.

उत्तरायणासाठी काही विकत घेऊच नका. फाटलेला कागद जोडायचा जो आयटम तुम्ही वर्तमानपत्रावर करत असाल, तो पतंगाच्या कागदावर करा. फाडताना पोरांकडून "कायपो छे" (कापला!) ओरडून घ्या आणि जोडताना मंत्र म्हणून "लपेट!" आबराकाडाब्राची गरज नाही. फक्त गच्चीवर वारा असतो, तेव्हा टाकीच्या आडोशाला उभ्या राहा. माझा जोडलेला पतंग एकदा पाठीमागच्या बिल्डिंगमध्ये गेला आणि त्याच्या पाठोपाठ जो जायला नको होता तो कागदही गेला. आणि मांजा प्रॉप म्हणूनसुद्धा नको. नायलॉनचा तर हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंद केलाय, पण मी साधा सुतीही मुलांच्या हाताजवळ आणत नाही.

तुम्ही बर्फाच्या पावडरीबद्दलही विचारलंय. ती म्हणजे सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट, बाळांच्या डायपरमध्ये असते तीच जात. विज्ञान प्रदर्शनात शाळकरी मुलंही दाखवतात, म्हणून लिहायला हरकत नाही. दिसते छान, पण चार वर्षांच्या मुलांसमोर मी ती वापरत नाही, कारण दिसायला साखर आणि हात लावला की तोंडात. वापरलीत तर उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका, तुंबतं. मीठ घातलं की ते बसतं, मग कचऱ्यात टाका.

तोंडात घालण्यावरून आठवलं. गणपतीत मी स्पंजचे मोदक करायचो, एकाचे दोन, दोनाचे चार. एका मंडळात तीन वर्षांच्या मुलीने हातातला मोदक सरळ चावला आणि तुकडा तोडला. आईने बोट घालून काढला, काही झालं नाही, पण माझे हात घरी येईपर्यंत थरथरत होते. दोष तिचा कसला, मोदक होता, तिने खाल्ला. तेव्हापासून खाण्याच्या आकाराचा स्पंज माझ्या पेटीत नाही. आणि मूर्ती गायब करणं, मोडून जोडणं हे चुकूनही नको, मंडळाचे काका स्टेजवर येतात.

आग बिलकुल नको. डव्ह पॅनची (झाकण काढलं की रिकाम्यातून वस्तू निघते त्या भांड्याची) ज्वाळा, फ्लॅश पेपर, सगळं घरी ठेवा. नाताळच्या स्टेजवर कापसाचा बर्फ आणि थर्माकोल असतो, आणि फ्लॅश पेपर म्हणजे नायट्रोसेल्युलोज, डोळ्याचं पातं लवायच्या आत संपतं. राजकोटच्या २०२४ च्या आगीनंतर गुजरातेत हॉलवाले काडेपेटी बघूनही दचकतात, आणि बरोबर करतात. जिवंत सशाचं म्हणाल, तर प्राणी वापरून खेळ करायला २००१ च्या नियमांप्रमाणे नोंदणी लागते. त्यात बिचारा ससा पोरांच्या आवाजाने अर्धमेला होतो. कापडी ससा घ्या आणि त्याला तुमच्या कानात बोलू द्या.

झाडू बरोबर न्या, हे कोणी सांगत नाही. बर्फ पाडून निघून गेलात तर शाळेच्या मावशी पुढच्या वर्षी तुमचं नाव निघू देणार नाहीत.

तेव्हा आज रात्रीच ऑर्डर रद्द होते का बघा. पैसे भरले असतील आणि माल निघाला नसेल, तर विकणाऱ्याला खरं नाव आणि खरी किंमत लिहायला लावा, पावडर काढून टाकायला सांगा, आणि पार्सल जानेवारीत येईल असं धरून चाला. आणि झाड हवंच असेल तर माझं माळ्यावर आहे. खालून दुसरी कडी अडकते, उघडतं पण मिटत नाही. दुरुस्त करून घेतलंत तर तुमचंच. फोन न करता रविवारी सकाळी या, घरीच असतो.