मतदार यादीत माणसं जास्त, जनगणनेत कमी, असं कसं?

प्रश्न : नमस्कार सर. मी बीड जिल्ह्यातला, शिरूर कासार तालुका. आमच्या गावची मतदार यादी काढून बघितली तर जनगणनेच्या आकड्याशी मेळच लागत नाही. जनगणनेत लेकरंबाळं सगळे धरतात तरी माणसं कमी कशी? अजून एक, मुलगा संभाजीनगरजवळच्या वाळूजला बजाजनगरात चार मजली बिल्डिंगमधे राहतो पण घरपट्टी ग्रामपंचायतीला भरतो. मग तो खेड्यात राहतो का शहरात? घरात यावरून रोज वाद चालतो.

उत्तर : दादा, वाद घालायला विषय भारी निवडलाय तुम्ही.

आधी गावाचं बघू. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारीला झाली. आता फेब्रुवारीत तुमची गल्ली कशी असते ते मी सांगायची गरज नाही, दिवाळी झाली की ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाचा ट्रक येतो, उचल म्हणजे आगाऊ पैसे आधीच घेतलेले असतात, आणि कोयता, भांडी, शेळी, तान्हं लेकरू सगळं वर चढतं, मागं दाराला कुलूप आणि ओट्यावर म्हातारी. जनगणनेचा नियम असा की मोजणीच्या सगळ्या दिवसांत माणूस घरी नसंल तर त्याला घरी धरायचं नाही, जिथं सापडंल तिथं धरायचं. म्हणजे तुमचा शेजारी सांगली-कोल्हापूरकडं कारखान्याच्या कोपीवर, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीवर होता तर तो त्या जिल्ह्याच्या लोकसंख्येत गेला. मतदार यादीत मात्र त्याचं नाव गावातच. सगळा फरक यानंच पडला असं मी म्हणणार नाही, यादीत मेलेल्यांची अन् सासरी गेलेल्या पोरींचीही नावं राहतातच की, पण ऊसतोडीच्या पट्ट्यात हे कारण मोठं.

आता पोराचं. जनगणनेच्या हिशोबानं शहर दोन तऱ्हेचं असतं. एक म्हणजे महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायत नायतर कँटोन्मेंट असलेलं. दुसरं, कारभार ग्रामपंचायतीचाच पण लोकसंख्या ५,००० च्या वर, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं, आणि मुख्य कामावरचे ७५ टक्के पुरुष शेती सोडून दुसरं काही करणारे, याला सेन्सस टाऊन म्हणतात. देशात २००१ ला अशी १,३६२ होती, २०११ ला ३,८९४ झाली, म्हणजे माणूस शहरात गेला नाही तरी शहर त्याच्याकडं आलं. बजाजनगर ज्यात येतं ते वडगाव कोल्हाटी याच जातीचं. सकाळी कंपनीच्या बसची रांग बघा, शेतीवर जाणारा कोण दिसतो का त्यात. तेव्हा पोरगा शहरात राहतो पण ग्रामपंचायतीत राहतो, दोन्ही खरं, तुम्ही दोघंही जिंकलात.

पण अशा वस्तीचं हाल वेगळंच. माणसं शहराएवढी, ड्रेनेज अन् कचरा बघायला मात्र ग्रामपंचायतीचे मोजके लोक. संभाजीनगरच्या दक्षिणेला सातारा-देवळाईची तीच गत होती, २०१४ ला नगरपरिषद झाली आणि वर्षभरात महापालिकेत घेतली, पाण्याची बोंब तरीही राहिलीच.

आपला मराठवाडा शहरी झालाय असं मात्र समजू नका. २०११ ला औरंगाबाद जिल्ह्यात साधारण ४४ टक्के लोक शहरी, बीडला २०, हिंगोलीत १५ च. राज्याचा आकडा ४५. आणि गावं ओस पडली म्हणतो आपण, पण २००१ ते २०११ मधे लोकसंख्या घटली ती रत्नागिरी, सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यांची, आपल्याकडं एकही जिल्हा घटला नाही. आपला माणूस जातो पण सहा महिन्यांनी परत येतो, हा त्यातला मोठा फरक.

२०२१ ची मोजणी झालीच नाही. पुढची फेब्रुवारी २०२७ मधे व्हायची असं जाहीर झालंय, म्हणजे परत ऐन सीझनमधे. तेव्हा गल्लीतल्यांना जाताना एवढं सांगून ठेवा की कोपीवर मोजणारा आला तर नवरा उसाच्या फडात आहे म्हणून बाईनं त्याला परत पाठवायचं नाही. घरी कुलूप अन् कोपीवरही कोणी नाही, असं झालं तर त्या माणसाची नोंद कुठंच होत नाही.