आबा स्वतःकडे बघतच नाहीत

प्रश्न : आमचे सासरे मराठा लाइट इन्फंट्रीतनं सुभेदार म्हणून रिटायर झाले, पहाटे भरतीची पोरं पळवतात, संध्याकाळी नातवंडांचा अभ्यास, गुडघे सुजलेत तरी दवाखान्याचं नाव नाही, काय करू?
– एक सून, सातारा

उत्तर : ताई, ग्राउंड बंद करायला अजिबात सांगू नका, तोच त्यांचा जीव आहे. आपल्याकडं अपशिंगे मिलिटरीसारख्या एकट्या गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, ही ओढ रक्तातच असते! आबांनी खुर्चीत बसून शिट्टी अन् स्टॉपवॉच सांभाळावं, पळवायला भरती झालेली जुनी पोरं सुट्टीवर येतातच की. आणि २००३ पासून पेन्शनर माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही सरकारी आरोग्य योजना आहे, कार्ड काढलं असेल तर उपचार कॅशलेस होतात, सासूबाईंचेही. त्यांच्या तपासणीला सोबत म्हणून आबांना न्या, नाही म्हणणार नाहीत.