पायथनमध्ये डिक्शनरींच्या दोन लिस्ट रोल नंबरवरून एकत्र कशा करायच्या?

तुमच्या एका लिस्टमध्ये रोल नंबर आणि नाव आहे, दुसरीत रोल नंबर आणि गुण. अधिक चिन्हाने जोडल्यावर एकाच विद्यार्थ्याच्या दोन डिक्शनरी येतात, कारण ते चिन्ह फक्त एका लिस्टच्या शेपटाला दुसरी लावतं, आत काय आहे ते बघत नाही.

कोणी 'झिप वापरा' म्हणेल, म्हणजे दोन लिस्टमधल्या एकाच जागेवरच्या नोंदींच्या जोड्या लावणारं फंक्शन. नका वापरू. दोन्ही लिस्टचा क्रम तंतोतंत सारखा असेल तरच ते चालतं. सहा नंबरचा मुलगा परीक्षेला गैरहजर असला, की त्याच्या नावापुढे सात नंबरचे गुण बसतात, सातच्या नावापुढे आठचे, आणि छोटी लिस्ट संपली की झिप गुपचूप थांबतं. एररसुद्धा येत नाही! (पायथन ३.१० पासून स्ट्रिक्ट=ट्रू दिलं तर लांबीतला फरक तरी पकडला जातो.)

मी असं करतो. कोड इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजी करून घ्या. 'एकत्र' नावाची रिकामी डिक्शनरी घ्या. दोन्ही लिस्टवर पाळीपाळीने फॉर लूप फिरवा, लूपमधल्या प्रत्येक डिक्शनरीला 'ओळ' म्हणा आणि आत एवढाच कोड ठेवा:

एकत्र.सेटडिफॉल्ट(ओळ['रोल'], {}).अपडेट(ओळ)

सेटडिफॉल्ट त्या रोल नंबरची डिक्शनरी देतं, नसेल तर रिकामी बनवून देतं, आणि अपडेट तिच्यात ओळीतलं सगळं भरतं. शेवटी लिस्ट(एकत्र.व्हॅल्यूज()). झालं. लूपमध्ये लूप घातला असता तर पाच-पाच हजार नोंदींना अडीच कोटी तुलना होऊ शकतात. इथे दहा हजार फेऱ्यांत काम उरकतं. मूळ लिस्टलाही धक्का लागत नाही, कारण अपडेट नव्या डिक्शनरीवर होतो.

खरी डोकेदुखी 'की' (डिक्शनरीत ज्या नावाने माहिती शोधतात ते) जुळण्याची असते. सीएसव्हीतून (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या फाइलमधून) वाचलेला रोल नंबर स्ट्रिंग असतो, म्हणजे '७', '०७' आणि पूर्णांक ७ या पायथनच्या लेखी तीन वेगळ्या की. आधी दोन्ही लिस्टमधले रोल नंबर इंटमध्ये बदलून घ्या, नाहीतर तोच विद्यार्थी पुन्हा दोनदा दिसेल.

दोन्हीकडे 'गुण' हीच की असेल, एकीकडे गणिताचे आणि दुसरीकडे विज्ञानाचे, तर नंतर आलेले आधीच्यांना पुसून टाकतात. दोन डिक्शनरी जोडणाऱ्या, पायथन ३.९ मध्ये आलेल्या उभ्या रेघेच्या ऑपरेटरलाही हाच नियम. तेव्हा जोडण्याआधी कीची नावं बदला.

गैरहजर मुलाचे गुण वाचताना चौकटी कंसाऐवजी गेट वापरा, म्हणजे कीएरर न येता नन (म्हणजे 'काही नाही') मिळेल. तिथे डिफॉल्ट म्हणून शून्य मात्र देऊ नका. सरासरी काढताना गैरहजर मुलं नापासांत जमा होतील.